कुदळीवरचं कुंकू

माझ्या पायाला भिंगरी आहे, असं माझी आई लहानपणापासून म्हणायची. लग्न झालं, नवऱ्याबरोबर इंग्लंडला आले, आणि एका जागी बसायची मला इतकी हौस आली की विचारू नका. पण बसू कोण देतंय! नवरा डॉक्टर. इथल्या हॉस्पिटलांची तऱ्हाच अशी की ट्रेनिंगमधल्या डॉक्टरला एका गावात मुरू द्यायचं नाही. आधी कॉव्हेंट्री, मग उत्तरेतलं एक लक्षात ठेवण्यासारखं काहीही नसलेलं गाव, मग वेल्समध्ये कार्डिफ. दर वेळी खोकी भरा, टेप लावा, व्हॅन बोलवा, आणि नव्या फ्लॅटमध्ये निम्मी खोकी तशीच भिंतीला लावून ठेवा, कारण ती परत उचलायचीच आहेत. माझी पुस्तकं, पुण्याहून आणलेले पितळेचे डबे, आईने दिलेली पैठणी, सगळं कार्डिफमध्येही खोक्यांतच होतं. त्यातल्याच एका खोक्यावर आम्ही टीव्ही ठेवला होता.

पुण्यात मी पुरातत्त्वात एम.ए. केलं होतं, तेही पहिल्या वर्गात. इथे त्याला कुत्रं विचारत नव्हतं. चॅरिटी शॉपमध्ये कपड्यांच्या घड्या घातल्या, एका ऑफिसात फोन घेतले, आणि जरा ओळखीपाळखी झाल्या की नवऱ्याचं गाव बदललंच म्हणून समजा. कार्डिफमध्ये मात्र एका लहानशा म्युझियमने मला एज्युकेशन रूममध्ये पार्ट-टाइम घेतलं. कुणा जुन्या खाणमालकाने इजिप्तहून पेट्या भरभरून आणलेल्या वस्तू तिथे होत्या आणि त्या बघायला शाळांच्या सहली यायच्या. आधी मी पोरांचे कोट टांगले, पेन्सिलींना टोकं केली. मग एक दिवस बॉसने मला बोलायला उभं केलं. बॉस म्हणजे उंच, किडकिडीत वेल्श बाई. कधी आवाज चढवायची नाही, आणि म्हणूनच तिची भीती वाटायची. त्या वर्षी सप्टेंबरात तिने सांगितलं की एक कायमची जागा निघणार आहे. एका सोमवारी मी पूर्ण सेशन घ्यायचं, ती मागे बसून बघणार, आणि मग ठरवणार.

मी घरी येऊन नाचलेच. त्याच सुमारास नवऱ्याला ग्लासगोहून बोलावणं आलं होतं. फेब्रुवारीपासून, रजिस्ट्रारची जागा, मोठं हॉस्पिटल. कळवायला अजून अवधी होता. स्वयंपाकघरात उभ्या उभ्या आमचं ठरलं. माझं पक्कं झालं तर कार्डिफमध्येच राहायचं, त्याने इथेच मिळेल ती जागा घ्यायची. नाही झालं तर मी तोंडातून ब्र न काढता ग्लासगोसाठी खोकी भरायची.

"नक्की?" मी विचारलं.

"नक्की गं."

मी परत विचारलं. तो हसला आणि म्हणाला, "अगं बाई, नक्की!"

सेशनचा विषय मी माझ्या मनाने निवडला. ममी नकोत, सोन्याचे मुखवटे नकोत, मांजरं तर मुळीच नकोत. मी घेतली ती जुन्या इजिप्तच्या चित्रलिपीतली अवजारं. मला त्या लिपीतलं तेच सगळ्यात आवडायचं. देव आणि राजे राहू द्या बाजूला. त्या माणसांना लिहायला बसल्यावर कुदळ आठवली, विळा आठवला, सुताराची तासणी, पाथरवटाची छिन्नी, दगड पोखरायचं गिरमिट, नांगर, सगळं आठवलं, आणि त्यांनी ते सरळ अक्षर म्हणून वापरलं. विळ्याशेजारी डोळा काढला की झालं 'पाहणं'. तासणी ठोकळ्यावर टेकवली की 'निवडणं'. छिन्नी काढून दुखणं लिहायचे आणि कुदळ काढून प्रेम. अर्थाचा काही संबंध नाही. अवजाराच्या नावाचा आवाज उचलायचा आणि तशाच आवाजाच्या दुसऱ्या शब्दाला लावायचा, इतकी साधी युक्ती. पण कामकऱ्यांच्या हातातलं जे होतं तेच कागदावर आलं, ह्याचं मला कोण अप्रूप होतं!

ह्या विषयाची एक पेटी होती, शाळांना उसनी द्यायची. निळी, प्लॅस्टिकची, आत फोममध्ये एकेका वस्तूची खाच. कुदळ, विळा, तासणी, छिन्नी, गिरमिट, सगळ्या नकला, आणि प्रत्येकाचं चित्राक्षर एकेका मोठ्या कार्डावर. सगळ्यात खाली, वेगळ्या डबीत, एकच खरी वस्तू होती. तळहातावर मावेल असा चुनखडीचा तुकडा. कुणातरी शिकाऊ कारागिराने हात बसावा म्हणून त्यावर कुदळीचं अक्षर कोरलं होतं, एकदा वाकडं आणि एकदा बरं. रेषा इतक्या पुसट की खिडकीपाशी तिरका धरल्याशिवाय दिसायच्या नाहीत. पोरांनी हात धुऊन एका बोटाने शिवायचं, एवढीच मुभा.

तालीम करायला पेटी घरी नेऊ का, असं मी बॉसला विचारलं. शाळांना देतो, मग तुला द्यायला काय हरकत आहे, ती म्हणाली. शुक्रवारी संध्याकाळी ती पेटी मांडीवर घेऊन मी बसने घरी आले.

घरी सासूबाई होत्या. सहा महिन्यांच्या व्हिसावर कराडहून आलेल्या. सासरे गेले तेव्हा नवरा प्राथमिक शाळेत होता. तेव्हापासून बाईंनी घराच्या पुढच्या खोलीत शिवणाचे क्लास चालवले आणि मुलाला डॉक्टर केलं. त्यामुळे कुणाचं ऐकून घ्यायची सवय नाही. आल्या आल्या त्यांनी माझं स्वयंपाकघर उलटंपालटं केलं. हिंग कुठे, डाव कुठे, हे मला माझ्याच घरात विचारावं लागायचं. भांडण असं आमचं व्हायचं नाही, पण खटके रोज उडायचे.

शनिवारी मी त्यांनाच विद्यार्थी म्हणून सोफ्यावर बसवलं आणि एकेक कार्ड दाखवायला लागले.

"हे काय आहे, आई?"

"इंग्रजीतला ए आडवा पडलाय."

"कुदळ आहे. दोन लाकडं दोरीने बांधलेली. हिने ते लोक प्रेम लिहायचे."

"कुदळीने?" त्या म्हणाल्या. "कुदळ मारणाऱ्याला विचार एकदा. पाठीचा काटा ढिला होतो, आणि म्हणे प्रेम!"

"बरं, ही छिन्नी. हिने दुखणं लिहायचे."

"हे पटलं."

मला हसू आवरेना. त्याही हसल्या, आणि मग एकदम म्हणाल्या, "तुला ही नोकरी फारच हवी आहे का गं?"

"मग काय गंमत म्हणून दोन दिवस घोकतेय?" मी फटकन बोलले. एरवी त्यांनी लगेच परतफेड केली असती. त्या दिवशी नाही केली. सिंकपाशी नवरा भांडी घासत होता, तिकडे त्यांनी नुसतं पाहिलं. तो कुणी न सांगता भांडी घासतोय ह्याचंच मला नवल वाटत होतं. आईसमोर शहाणपणा चाललाय, असं मी मनात म्हटलं आणि पुढचं कार्ड काढलं.

रविवारी खंडेनवमी होती. घरातल्या हत्यारांची पूजा करायची, त्या दिवशी त्यांना कामाला लावायचं नाही, आणि दुसऱ्या दिवशी दसऱ्याला ती उचलून नव्याने सुरुवात करायची. सासूबाईंनी मला नारळ आणि पिवळी फुलं आणायला पिटाळलं. कार्डिफमध्ये नारळ आणायचा म्हणजे बस बदलून जावं लागायचं. परत येईपर्यंत दुपार झाली.

बाहेरच्या खोलीत जमिनीवर स्वच्छ चादर अंथरली होती. त्यांनी कराडहून बॅगेत घालून आणलेली त्यांची शिवणाची कात्री, नवऱ्याचा स्टेथोस्कोप, भाजी कापायची सुरी, मिक्सरचं भांडं, लॅपटॉप, गाडीची किल्ली, सगळ्यांना हळदीकुंकू. मागे व्हॅक्यूम क्लीनर घरातल्या वडीलधाऱ्यासारखा उभा, त्याच्याही कपाळी टिळा. मला हसू फुटलं. मग मला निळी पेटी दिसली. उघडी.

कुदळ, विळा, तासणी, छिन्नी, गिरमिट ओळीने मांडलेले. प्रत्येकावर हळदीकुंकवाची बोटं, वर अक्षता. कार्डंसुद्धा सोडली नव्हती. प्रत्येक चित्राक्षराला टिळा. आणि सगळ्यांच्या पुढे, मानाच्या जागी, तो दगड. ओल्या बोटाने हळद चांगली चेपून लावली होती, त्यावर कुंकू. कोरलेल्या रेषांत ती अशी भरली होती की खोलीच्या दारातून मला दोन्ही कुदळी स्वच्छ दिसल्या, वाकडी आणि बरी.

"आई, हे काय केलंत?"

"पूजा. तू यायच्या आत उरकून घेतली."

"तो दगड खरा आहे! हजारो वर्षांचा आहे!"

"मग पहिला मान त्याचाच."

माझं डोकंच फिरलं. "उद्या माझी परीक्षा आहे हो! तुमच्यामुळे माझी नोकरी जाणार आहे, कळतंय का तुम्हाला? परत खोकी भरायची पाळी आणलीत माझ्यावर!"

चादरीवर सांडलेल्या अक्षता वेचत त्या म्हणाल्या, "उन्हात ठेव. हळद आहे, उडून जाईल."

"कार्डिफमध्ये ऊन कुठून आणू? कराडहून मागवू?"

आमची जुंपलेली ऐकून नवरा आतून धावत आला. "थांबा, थांबा, मी करतो," म्हणत त्याने दगड उचलला आणि सिंकपाशी नेला. मी पोचेपर्यंत ह्याने स्पंजवर वॉशिंग-अप लिक्विड घेऊन दगड घासायला सुरुवातही केली होती. हळदीला साबण लागला की ती लालभडक होते, हे आपल्याकडे कपडे धुणाऱ्या कुणालाही ठाऊक असतं. आयुष्यात स्वतःचा शर्ट धुतला नसेल तर ठाऊक नसतं. पिवळा होता तो दगड लाल झाला. ओला, लाल दगड हातात घेऊन नवरा "सॉरी, सॉरी" म्हणत राहिला. इतक्यांदा म्हणाला की मला धड ओरडताही येईना. म्युझियम माझं, नोकरी माझी, आणि चेहऱ्याचा रंग ह्याचा उडालेला! एवढं काय झालं ह्याला, मला कळेना.

संध्याकाळभर माझा पाय एका ठिकाणी ठरला नाही. खिडकीपासून सिंकपर्यंत, सिंकपासून खिडकीपर्यंत. तालीम करावी म्हणून तासणी उचलली तर सासूबाई म्हणाल्या, "आज त्यांना सुट्टी आहे." मी दात-ओठ खात परत ठेवली. दगड टिश्यूत गुंडाळला, सोडला, परत गुंडाळला. गुपचूप डबीत ठेवून द्यावा का, हेही मनात आलं. पेटी दर आठवड्याला वेगळ्या शाळेत जाते, कुणाचा हात लागला कुणाला कळणार आहे? मग स्वतःचीच किळस आली. जेवले नाही, टीव्ही बघवला नाही, आणि टीव्हीखालचं खोकं बघवलं नाही.

सोमवारी मी म्युझियम उघडायच्या वेळेलाच हजर. बॉस अजून कोट काढत होती.

"पेटी उघडू नकोस," मी म्हटलं. "आधी माझं ऐक."

आणि मी घडाघडा सगळं सांगितलं. सण, हळद, साबण, काही लपवलं नाही. ती ऐकत राहिली. मग तिने झाकण उघडलं, डबी उघडली, आणि दगडाकडे पाहत उभी राहिली.

"पण का?" तिने विचारलं.

"आमच्याकडे वर्षातून एक दिवस हत्यारांना नमस्कार करतात. त्यांच्यावर पोट असतं म्हणून."

"आय सी," ती म्हणाली. ह्या लोकांनी आय सी म्हटलं की बरं झालं की वाईट, ब्रह्मदेवालाही कळायचं नाही. तिने वस्तूंची डागडुजी करणाऱ्या माणसाला वरून बोलावलं. त्याने कपाळावरचं भिंग डोळ्यांवर ओढलं, दगडाचा वास घेतला, आणि बराचसा रंग निघेल, रेषांमधला थोडा राहीलही, असं सांगून तो दगड घेऊन गेला. मला रडू येत होतं. तेवढ्यात बाहेर शाळेची बस लागली.

"मुलं आली," बॉस म्हणाली. "सुरू कर."

मी दगडाशिवाय सुरू केलं. नकला पुसल्या होत्या तरी कुदळीच्या दोरीत कुंकू राहिलंच होतं. एका मुलीने ते बरोबर हेरलं आणि विचारलं, हे लाल काय? आता लपवण्यासारखं राहिलं होतंच काय! सांगून टाकलं, की काल ह्या सगळ्यांना सुट्टी होती आणि आमच्या घरी त्यांचा सत्कार झाला, मिक्सरपासून व्हॅक्यूम क्लीनरपर्यंत सगळ्यांबरोबर. व्हॅक्यूम क्लीनरचासुद्धा? व्हॅक्यूम क्लीनरचासुद्धा. पोरं खिदळायला लागली. मग मी म्हटलं, त्या लोकांनी त्यांच्या हातातली अवजारं अक्षरं केली, तुम्ही तुमच्या घरातली करा. एकाने वडिलांचा पाना काढला, एकीने आईचं केस सरळ करायचं यंत्र, एकाने आजोबांची काठी. काठीने काय लिहायचं, मी विचारलं. "स्लो," तो म्हणाला. बॉस मागे बसली आहे हे मी साफ विसरून गेले होते.

मुलं गेल्यावर ती पुढे आली. "तो दगड आता पेटीत जाणार नाही. आणि पेटी कुणाच्या घरी जाणार नाही."

"हो," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

"पण मी झाकण उघडायच्या आधी तू सांगितलंस. मला असंच माणूस हवंय. जागा तुझी."

परतताना बस जवळजवळ रिकामी होती, तरी मला बसवेना. दांडी धरून उभीच राहिले. सासूबाईंना काय काय बोलले होते ते आठवून लाज वाटत होती, आणि आनंद तर असा की ड्रायव्हरलासुद्धा सांगावंसं वाटत होतं. राहणार! ह्याच गावात, ह्याच बसने, ह्याच स्टॉपवर उतरत राहणार.

घरी दसऱ्याचं श्रीखंड झालं होतं. नवरा ड्यूटीवरून नुकताच येऊन टेबलापाशी बसला होता. मी दारातूनच ओरडले, "मिळाली! पक्की नोकरी! दगड दाखवूनसुद्धा मिळाली!"

सासूबाईंनी हातातला डाव खाली ठेवला. नवरा हसला, आणि ते हसू तसंच अर्धं राहिलं.

"अरे, ऐकलंस ना? आता कार्डिफ! कुठ्ठे म्हणून जायचं नाही!"

"खूप छान झालं," तो म्हणाला. मग टेबलाकडे बघत म्हणाला, "अगं, मी ग्लासगोला हो म्हणून कळवलंय."

"कधी?"

"शुक्रवारी."

शुक्रवारी मी ती पेटी मांडीवर घेऊन बसमध्ये बसले होते.

"त्यांना लवकर उत्तर हवं होतं," तो सांगत होता. "जागा हातची गेली असती. आणि मला वाटलं नव्हतं की..."

"की मला मिळेल."

इतका राग मला आदल्या दिवशी त्या दगडावरूनही आला नव्हता, आणि रागापेक्षा जास्त लागलं होतं ते वेगळंच. ह्याने माझी परीक्षा होण्याआधीच मला नापास करून टाकलं होतं.

"मी झाकण उघडायच्या आधी सांगितलं," मी म्हटलं. "तू शुक्रवारपासून भांडी घासतोयस."

त्याने आईकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघतोस?" सासूबाई म्हणाल्या. "तुला त्याच दिवशी बजावलं होतं, तिला सांग म्हणून."

मी त्यांच्याकडे वळले. "आई, तुम्हाला माहीत होतं?"

"फोनवर बोलताना ऐकलं. सांगायचं काम त्याचं होतं." त्यांनी पदराला हात पुसले. "मी काय करणार? म्हटलं, ह्या घरात तुझ्या हत्यारांना निदान एकाने तरी हात जोडावेत."

आणि मी त्यांना काय बोलले होते! मला रडूच कोसळलं. त्यांनी मला जवळ वगैरे घेतलं नाही, तो त्यांचा स्वभाव नव्हे. त्या मुलाला म्हणाल्या, "तू जा ग्लासगोला. चांगली जागा आहे, सोडू नकोस. ही इथे राहील. मी मशीन बंद करून कुणाच्या मागे गेले असते तर तू आज कुठे असतास?"

मग त्या बाहेरच्या खोलीत गेल्या आणि चादरीवरची आपली कात्री उचलून घेऊन आल्या. तिच्यावर कालचं कुंकू तसंच होतं. "घे," त्या मला म्हणाल्या. "आज हत्यार उचलायचा दिवस आहे."

मी डोळे पुसले. टीव्ही उचलून जमिनीवर ठेवला आणि त्याच्या खालच्या खोक्याची टेप कात्रीने कापली. वर्तमानपत्रात गुंडाळलेले माझे पितळेचे डबे निघाले, काळे पडलेले. मग भिंतीजवळचं दुसरं खोकं उघडलं, मग तिसरं. सासूबाई एकेक डबा घेऊन स्वयंपाकघरात मांडायला लागल्या.

"हे सगळं आत्ताच काढणार आहेस?" नवऱ्याने विचारलं.

"माझं आहे ते काढतेय," मी म्हटलं. "तुझं तू भर."